डबा रिकामा धाडायचा नाय

उमरठच्या वर डोंगरात एक वाडी आहे. तिथल्या रंगूबाईच्या घरातून कुणाचं भांडं कधी रिकामं परत गेलेलं नाही. शेजारणीनं वाटीभर कालवण दिलं, तर त्याच वाटीतून तिला चार लिंबं तरी मिळणार. घरात काहीच नसलं तर चिमूटभर साखर. रिकामं भांडं परत करणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर दार लावणं, असं तिची आई सांगायची. आईचं बाकी काही रंगूबाईनं ऐकलं नसेल, पण हे ऐकलं.

अशा बाईच्या दारात ड्रोन उतरायला लागलं! वाडीचा रस्ता पावसाळ्यात दरडीखाली जातो, आणि तिच्या नवऱ्याला, भागोजीला, इन्सुलिनवाचून चालत नाही. मागच्या साली औषध संपलं तेव्हा त्याला डोलीत घालून पोलादपूरला न्यावं लागलं होतं. चिखलातून वाट काढताना त्याची मान लोंबत होती. ती मान रंगूबाई अजून विसरलेली नाही.

यंदा महाडच्या एका कंपनीनं दर आठवड्याला ड्रोननं औषध पोचवायचं ठरवलं. शाळेपुढं चुन्याचा गोल आखला. ड्रोन उतरलं की रंगूबाईनं त्याच्या पोटाखालचा डबा उघडून औषध काढायचं, झाकण लावून लांब व्हायचं, म्हणजे ड्रोन रिकामा डबा घेऊन परत जाईल. रिकामा! हा शब्द तिनं दोनदा विचारून घेतला.

पहिल्या खेपेला तिनं मन मारलं. दुसऱ्या खेपेला मूठभर चवळीच्या शेंगा घातल्या. महाडहून ड्रोन उडवणारी निशा, दासगावची पोर, फोनवर म्हणाली, "काकी, शेंगा कोवळ्या होत्या हं!" तिथंच घात झाला. पुढं शेंगांची उकडलेली अंडी झाली, आणि भादव्यात रंगूबाईच्या मांडवाला हातभर लांबीचं तवसं, म्हणजे मोठी काकडी, लागलं. तेही डब्यात गेलं.

भागोजी म्हणाला, "अगो, त्ये पाखरू हाय, बैल नाय."

"येवढ्यानं काय हुतंय? औषधाच्या जागी तर ठेवलाय," रंगूबाई म्हणाली.

ड्रोन उडालं. वाऱ्याच्या झोतात काकडी डब्यात एका अंगाला घरंगळली, ड्रोन कललं, आणि थेट खालच्या ओढ्यात पडलं. डबा फुटला आणि पुरावा पाण्याबरोबर सावित्री नदीकडं निघून गेला.

चौकशीला कंपनीचे सुहास सर निशाला घेऊन चिखल तुडवत वर आले. "कारण कळल्याशिवाय या वाडीला ड्रोन येणार नाही," त्यांनी बजावलं. वाडीचं आधीच ठरलं होतं की घारीनं झडप घातली म्हणायचं. जो तो सांगू लागला, आणि दर तोंडागणिक घार फुगत गेली. शेवटची घार तर बकरं उचलण्याजोगी होती.

"घारीनं पंजा मारल्याची एक खूण नाही यंत्रावर," सर म्हणाले. "म्हणजे चूक उडवणाऱ्याची. निशा, उद्यापासून तू उडवायचं नाहीस."

शेंगांबद्दल निशानं चकार शब्द काढला नाही. रंगूबाईचा जीव कासावीस झाला. खरं बोलावं तर नवऱ्याचं औषध जातं, आणि गप्प बसावं तर पोरीची भाकरी. तिनं भागोजीकडं पाहिलं.

"बोल गो," तो म्हणाला. "मी जगंन कसातरी."

त्या 'कसातरी'नं तिला रडू फुटलं. "घारबीर कोन नाय आली, सायेब. तवसं मी घातला हुता. माज्या मालकाचा जीव धाडता तुमी त्या डब्यातनं, आन मी त्यो पोकळ परत करू?"

मग निशा म्हणाली, "मलाही थांबवायला हवं होतं, सर. शेंगा मीच खाल्ल्या."

"एवढंच?"

"अंडीपण."

सरांना रागवायचं होतं. त्यांनी तसा प्रयत्नही केला, पण ओठ ऐकेनात. शेवटी निशाचं काम तसंच ठेवून त्यांनीच तोड काढली. ड्रोन आता उतरणारच नाही, वरून दोरीनं औषधाची कापडी पिशवी सोडेल आणि तसंच परत फिरेल. परत धाडायला काही राहणारच नाही. "पिशव्या मात्र जपून ठेवा," ते म्हणाले. "रस्ता सुरू झाला की आम्हाला लागतील."

रंगूबाईनं मान डोलावली आणि पिशव्या धुऊन खुंटीला लावत गेली.

दिवाळीच्या तोंडावर रस्ता मोकळा झाला. महाडच्या माळावर, कंपनीच्या खोलीपुढं, निशा यंत्र पुसत होती, तेवढ्यात एसटीतून उतरलेली रंगूबाई दिसली. दोन्ही खांद्यांवर पिशव्या, आणि एकही पिशवी रिकामी नाही. नाचणी, चवळी, पोहे, आणि सगळ्यात मोठीत सुहास सरांसाठी तवसं. मागून भागोजी येत होता, आपल्या पायांनी, खोकत आणि बायकोला नावं ठेवत.

निशानं सगळं काढून घेतलं. निरोप घेऊन रंगूबाई वळली, तशी निशानं हाक मारली, "काकी, थांबा."

ती आत गेली आणि त्यातलीच एक पिशवी भरून घेऊन आली. तळाशी बर्फात भागोजीचं औषध होतं आणि वर दासगावची सुकट, नीट बांधलेली.

"आमच्यातही पिशवी रिकामी देत नाहीत," ती म्हणाली.

रंगूबाईनं पिशवी दोन्ही हातांनी घेतली आणि पोरीच्या तोंडावरून हात फिरवला. परतीच्या एसटीत तिनं ती मांडीवरून खाली ठेवली नाही.