रिकामा परत गेलेला डबा

ये, अशी जवळ बस. पर्स आधी खाली ठेव. खांद्याला पर्स लावून बसलीस की मला वाटतं, ही निघालीच. फोनवरही तुझं तेच, लिफ्टमध्ये शिरता शिरता म्हणतेस, आई, पटकन बोल. अगं, माझं कुठलं बोलणं आजवर पटकन झालंय? म्हणून लिहायला बसले. सातवीनंतर शाळा सुटली, पुढचं सगळं वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून शिकले, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका काढत बसू नकोस. आणि लिहिलेलं मधेच तोडता येत नाही, एवढा एक फायदा.

तुझ्या बाबांना हार्ट अटॅक आला त्या दिवशी हॉस्पिटलच्या त्या गार पॅसेजमध्ये मी बसले होते. आत त्यांना स्टेंट घालत होते. बाहेर जो येई तो मला एकच विचारी. हळू आवाजात, हात हातात घेऊन, पण विचारी तेच, की त्यांना काय काय खायला घालत होतात? पुण्याहून नणंदेचा फोन, तिचंही तेच. आपल्या मंडळातल्या बायका डबा घेऊन आल्या, त्यांनीही डबा हातात देता देता विचारलं. तरुणपणी बोटीवर इंजिनरूममध्ये दिवसाला दोन पाकिटं ओढली त्याचं कोणी विचारलं नाही. इथे आल्यावर तुआसच्या शिपयार्डात वर्षानुवर्षं रात्रपाळ्या केल्या, उभ्या उभ्या कपातले नूडल्स खाल्ले, त्याचंही नाही. त्यांचे वडील याच दुखण्यानं गेले, ते तर सगळ्यांना ठाऊक होतं. पण नवऱ्याचं हृदय बिघडलं की चौकशी बायकोच्या स्वयंपाकघराची होते.

लोकांचं मी सोडून दिलं. तू मात्र माझ्या शेजारी बसलीस, समोरच्या भिंतीकडे बघत म्हणालीस, "आई, तूप घालून घालून तूच त्यांना इथवर आणलंस."

तू घाबरली होतीस, रडून तुझे डोळे सुजले होते. पण ते वाक्य मी घरी आणलं, ते अजून घरातच आहे.

मग तू तुझ्या सेंगकांगच्या घरून कचऱ्याच्या काळ्या पिशव्या घेऊन आलीस. तुपाची बरणी, बेसनाचे लाडू, शंकरपाळे, खोबरं, सगळं त्यात गेलं. लोणचं मी स्वतःच टाकलं, कारण डॉक्टर मीठही कमी करा म्हणाले होते. आमटीत मीठ निम्म्यावर आणलं, पापड बंद केले. बाबा जेवताना म्हणायचे, "ही आमटी आहे की आमटीची आठवण?" आणि खायचे बिचारे.

रिकाम्या झालेल्या फळीवर तू पाकिटं रचलीस. भाजलेले, न तळलेले, सात धान्यांचे क्रॅकर्स. चीजच्या वासाच्या चकत्या, पॉपकॉर्न, ओट्सची बिस्किटं. सगळ्यांवर कुठे ना कुठे लाल बदाम काढलेला, म्हणजे हृदयाला चांगलं. बाबांना सांगितलंस, चार वाजता भूक लागली की यातलं काहीही खा, बिनधास्त. आणि माझ्याकडे वळून म्हणालीस, यांना आता हेच द्यायचं, तुझं काही नको. तुझं काही म्हणजे काय, ते मला कळलं.

आता त्या कोरियन बाईचं. तू तिला एकदाच पाहिलंस, तेही दारात, म्हणून नीट सांगते.

आमच्या खाली दोन मजले सोडून ती मुलाकडे राहते. माझ्यापेक्षा जरा लहान असेल. बाबांना रोज चालायला सांगितलं होतं, तेव्हा आम्ही ईस्ट कोस्टच्या पार्कात समुद्राकडेनं थोडं चालून यायचो आणि कॉन्डोच्या आवारातल्या पोहण्याच्या तलावाजवळच्या बाकावर टेकायचो. तीही तिथे येऊन बसायची. तिला मराठी नाही, मला कोरियन नाही, इंग्रजी दोघींचं सारखंच मोडकं. तिच्या फोनमध्ये भाषांतर करणारा एक आवाज होता. तो माझ्याशी मराठीत बोलायचा खरा, पण कोर्टातल्या कारकुनासारखा. "आपल्या पतीची प्रकृती कशी वर्तते?" बाबा हसून हसून बेजार व्हायचे. ती मला ऑन्नी म्हणायला लागली. त्यांच्यात थोरल्या बहिणीला म्हणतात तसं.

एकदा तिनं फोन बाजूला ठेवला, स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि मग तो हात आकाशाकडे नेला. तिचा नवरा. हृदयानंच. मग फोनमधल्या त्या कारकुनानं तिचं वाक्य मला सांगितलं. "माझ्या सासूने मला विचारले, तू त्याला काय खायला दिलेस." इतक्या लांबची बाई, वेगळं पीठ, वेगळं तेल, आणि प्रश्न तोच.

त्यांचा शरदातला पौर्णिमेचा सण आला तेव्हा ती वर आली. कापडात गाठ मारून बांधलेला लाकडी डबा हातात. आत तीन खण. एकात तांदळाच्या उकडीच्या अर्धचंद्रासारख्या छोट्या करंज्या, आत तीळ आणि मध, पाइनच्या पानांवर वाफवलेल्या. आपण हळदीच्या पानावर मोदक ठेवतो ना, तसाच त्या पानाचा वास आत उतरलेला. दुसऱ्यात फुलवलेल्या तांदळाच्या आणि तिळाच्या वड्या, धान्याच्या पाकात बांधलेल्या, म्हणजे आपल्या राजगिऱ्याच्या वड्यांची सख्खी बहीण. तिसऱ्यात फुलाच्या आकाराची तळलेली, मधाच्या पाकात मुरवलेली गव्हाची गोष्ट. बालुशाहीच म्हण, पण आल्याचा वास असलेली.

आणि लक्ष दे, तिनं काय केलं. तळलेल्या खणावर तिनं हात आडवा धरला, बाबांकडे बघून मान हलवली. तुम्हाला नाही. वाफवलेल्या करंजीसाठी एक बोट वर केलं. एकच. वडीचा तुकडा तर तिनं स्वतःच मोडून त्यांच्या हातावर ठेवला. बाबांनी ती करंजी डोळे मिटून खाल्ली. हॉस्पिटलातून आल्यापासून मी त्यांना काही खाताना असं पाहिलं नव्हतं. ते पाकिटातलं खायचे ते टीव्हीकडे बघत, हात आत जातोय, तोंडाकडे येतोय, पाकीट संपलं की हाताला कळायचं. इथे एक करंजी खाल्ली आणि हात मांडीवर ठेवून बसले. पुरलं त्यांना.

मी काही असं म्हणत नाही की कोरियन खाऊ म्हणजे औषध आणि पाकिटातला गोऱ्यांचा खाऊ म्हणजे विष. तिकडची साखर, इकडची साखर, रक्तात गेली की एकच. तिनं तरी कुठे औषध म्हणून दिलं? तिनं माणूस बघून दिलं. पाकिटाला कुठे माणूस दिसतो.

आलेला डबा आपल्याकडे रिकामा परत जात नाही, हे तुला मी लहानपणापासून शिकवलंय. साधी वाटी आली शेजारून तरी त्यात चिमूटभर साखर घालून तुला पाठवायचे. मी लिटल इंडियातून राजगिरा आणला, गुळाच्या पाकात वड्या थापल्या, तुपाचा हातसुद्धा न लावता, आणि डबा भरून खाली दिला. तर थोड्या दिवसांनी तो पुन्हा वर आला, भोपळ्याच्या बिया घालून केलेल्या वड्या घेऊन. त्यांच्यातही रिकामा देत नसावेत. मग काय, तो डबा लिफ्टनं वर-खाली करू लागला. तुझी धाकटी एकदा चाखून म्हणाली होती, "आजी, धिस वन मोचीचा कझिन ला." मोची म्हणजे जपान्यांची तांदळाची मिठाई, हे मला तिच्याकडूनच कळलं. बाबांनी तेव्हापासून त्या डब्याला पाहुणे म्हणायला सुरुवात केली. पाहुणे आले का गं, असं विचारायचे. दिवसाला वडीचा एक तुकडा, चहाबरोबर. तळलेली फुलं आम्ही तुझ्या मुलींसाठी बाजूला काढून ठेवत होतो.

तीच तुला दिसली.

शनिवार होता. आम्ही पार्कात गेलो होतो, तू तुझ्या किल्लीनं आत आलीस. ओट्यावर डबा, आत तेलकट, पाकानं चकाकणारी दोन फुलं. तुला वाटलं, बंदी घातली म्हणून आईनं आता दुसऱ्या दारानं तेच सुरू केलं. मला विचारायचं होतंस. आम्ही अर्ध्या तासात येणारच होतो. पण तू फुलं कचऱ्यात टाकलीस, डबा साबणानं घासलास, पुसलास आणि खाली जाऊन तिच्या हातात दिलास. रिकामा. आणि वर इंग्रजीत सांगून आलीस की माझे वडील हार्ट पेशंट आहेत, असल्या तेलकट गोष्टी कृपा करून पाठवू नका, माणूस मरतो यानं.

आम्ही आलो तेव्हा तू खुशीत होतीस. म्हणालीस, "मी त्यांना नीट समजावून सांगितलं. त्या वाकून थँक्यू पण म्हणाल्या."

वाकायचंच ती. तिच्याकडे तशीच रीत आहे. ज्या बाईला नवऱ्याच्या मरणाचा जाब द्यावा लागला होता, तिच्या हातात तू रिकामा डबा ठेवलास आणि सांगितलंस, तुमच्या खाण्यानं माणूस मरतो. बाबांनी बूट काढता काढता फक्त एवढंच विचारलं, डबा धुऊन दिलास म्हणजे, आत काहीच नाही घातलंस?

तू म्हणालीस, काय घालायचं?

दुसऱ्या दिवशी बाकावर गेलो तर ती पलीकडच्या बाकावर. आम्हाला बघून उठली, वाकली आणि परत बसली. तोंड फिरवलं असतं तर मी जाऊन भांडले असते, हात धरून आणलं असतं. त्या वाकण्यापुढे मला काही करता आलं नाही.

त्यानंतर चहाबरोबर पाकिटंच. बाबांनी तक्रार केली नाही. उलट जास्तच खायला लागले, मन रमत नव्हतं म्हणून. मग त्यांचे पाय सुजले. मोजे काढले की खोल वळ राहायचा. चार पावलं चालले की धाप. तुला फोन केला, तू धावत आलीस, तेवढं मी विसरणार नाही. पुन्हा हॉस्पिटल, सलाईन, नळ्या. तिथल्या डाएटिशियननं सांगितलं, घरी खातात ते सगळं घेऊन या. ती पिशवी तूच भरलीस, तूच उचलून नेलीस, कारण त्या पाकिटांची तुला खात्री होती.

ती डाएटिशियन मुलगी चांगली होती. आवाज चढवला नाही. पुढचा लाल बदाम तिनं बघितलाच नाही, एकेक पाकीट उलटं केलं आणि मागच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. मीठ. क्रॅकर्समध्ये मीठ, चीजच्या चकत्यांत मीठ, पॉपकॉर्नमध्ये मीठ. बिस्किटांत वर साखर आणि लोणीही. थकलेल्या हृदयाला एवढं मीठ झेपत नाही, अंगात पाणी साठतं, असं ती म्हणाली. मग तिनं मला विचारलं, घरचं गोड काय देता? मी वड्यांचं सांगितलं, डब्याचं सांगितलं. ती म्हणाली, तळलेलं नकोच, पण तीळतांदळाचा छोटा तुकडा अधूनमधून चालतो. साखर त्यातही असते, तेव्हा मोजकाच. पण रोज पाकीटभर हे खाण्यापेक्षा बरा.

तू माझ्याकडे बघितलं नाहीस. मीही तुझ्याकडे बघितलं नाही. खरं सांगू, मनात आलं होतं, तेच वाक्य तुला परत करावं, तूच घालून घालून. ओठापर्यंत आलं होतं. पण ते वाक्य अंगावर घेऊन मी किती दिवस काढलेत ते मलाच माहीत. माझ्या लेकीच्या अंगावर ते घालायचं धाडस झालं नाही.

आणि त्या दिवसापासून तू येत नाहीस. तुला ऑफिस आहे, मुलींच्या परीक्षा आहेत. सामान मात्र घरपोच येतं, बिनमिठाचं, प्रत्येक पाकिटाची मागची बाजू तपासलेली असणार. दार उघडलं की डिलिव्हरीवाला. बाबा खुर्चीतून विचारतात, कोण गं? मी म्हणते, वाणसामान. ते पुन्हा टीव्हीकडे वळतात. आताशा त्यांना लिफ्टपर्यंतही धड चालवत नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय आहे तेवढ्यावरच चालवायचं. पाहुणे आले का, असं ते आता डब्यासाठी विचारत नाहीत, तुझ्यासाठी विचारतात. कळतं मला.

माफी माग म्हणून हे लिहीत नाही. मला माफीचं काय करायचंय? ते तुपाचं वाक्य जरी परत घेतलंस तरी माझ्या कानातून जायचं नाही, तेव्हा राहू दे. पण खालच्या बाईचं तसं नाही. मी दोनदा वड्या घेऊन तिच्या दाराशी गेले आणि बेल न वाजवता परत आले. रिकामा डबा ज्या हातांनी दिला त्याच हातांनी भरलेला जायला हवा. माझ्या हातून गेला तर ती वाकेल आणि ठेवून घेईल, पण आमच्या बाकावर काही परत येणार नाही.

आज सकाळी पुन्हा राजगिऱ्याच्या वड्या थापल्यात. तिचा डबा तिच्याकडेच आहे, म्हणून आपल्या स्टीलच्या डब्यात भरल्या, वर तिच्यासारखी कापडाची गाठ मारली. बाबांनी एक तुकडा मागितला, दिला. म्हणाले, बाकीच्या राहू देत, आपली लेक येऊन खाली नेईल.

इथल्या दमट हवेत वड्या लगेच मऊ पडतात, ठाऊक आहे तुला. सेंगकांगहून इथे यायला असा काय वेळ लागतो? रिकाम्या हातानं ये, काही आणू नकोस. लवकर ये गं.