लिफ्टवाल्याचं पोर्तुगीज

पन्नाशी उलटल्यावर माणसानं काय शिकावं याला काही नियम नाही. कुणी पोहायला शिकतं, कुणी बुद्धिबळ शिकतं. पण ओळंब्यानं पोर्तुगीज शिकायला घेतलं तेव्हा शेजाऱ्यांच्या पोटात दुखायला लागलं. "आहे ती भाषा तरी कुठे बोलतो हा?" खालच्या मजल्यावरची शिवणकाम करणारी बाई म्हणाली. बोलणं झोंबणारं होतं, पण खोटं नव्हतं.

ओळंबा लिफ्ट दुरुस्त करायचा. उंच, सडसडीत, मान कायम खाली घातलेली, गवंडी भिंतीशी धरतात त्या वजन लावलेल्या दोरीसारखा, म्हणून कामावर कुणीतरी ओळंबा म्हणालं आणि तेच चिकटलं. बायको जाऊन पाच वर्षं झाली होती. मुलगा दुसऱ्या शहरात. त्याचा फोन यायचा, नाही असं नाही. "जेवलात का बाबा?" "जेवलो. तू?" "जेवलो." की झालं. घरात खोल्या दोन, पण दुसऱ्या खोलीत दिवा लावायचं काही कारणच उरलं नव्हतं.

बोलणं होतं ते कामावर, तेही एकाच माणसाशी. जोडीदाराशी. त्याला सगळे भोंगा म्हणायचे, कारण हा गच्चीवर खोकला तर तळघरातला माणूस दचकायचा. लिफ्टचं काम एकट्यानं करायचं नसतं. एक जण वर मशीनच्या खोलीत, दुसरा लिफ्टच्या टपावर अंधारात, आणि दोघांच्या मधे मजलेच मजले. टपावरच्यानं "खाली" म्हटलं की मशीनवरच्यानं "खाली" असं परत म्हणायचं. टपावरचा "हो" म्हणाला की मगच ब्रेक सोडून हातानं चाक फिरवायचं. ऐकलेलं परत बोलल्याशिवाय हात हलवायचा नाही. या एका नियमावर दोघांची बोटं शाबूत राहिली होती. मधल्या वेळात भोंग्याची टकळी चालू असायची: सासऱ्याशी भांडण, गुडघ्याची कुरकुर, घरमालकाचा कंजूषपणा. ओळंबा नुसता हं हं करायचा. त्याला वाटायचं आपण ऐकतोय फक्त. भोंगा परदेशी गेला तेव्हा कळलं, आपणही बोलत होतो.

तिकडच्या एका लिफ्ट कंपनीनं भोंग्याला घेतलं होतं. दोन वर्षांनी त्याचाच फोन आला. "माणसं हवी आहेत इथे. काम तर तुला येतंच. फक्त इथल्या भाषेची, पोर्तुगीजची, तोंडी परीक्षा आहे."

"म्हणजे परत आपली जोडी?" ओळंब्यानं विचारलं.

"तू ये तर खरं," भोंगा म्हणाला.

झालं. ओळंब्याला एवढं पुरलं. दुसऱ्याच दिवशी त्यानं वर्गाचे पैसे भरले.

वर्ग संध्याकाळी एका शाळेत भरायचा, पोरांच्या बाकांवर. ओळंब्याचे गुडघे हनुवटीला लागायचे. बाकीचे सगळे विशी-पंचविशीतले, परदेशात नर्सिंगला, हॉटेलात जाणारे. बाई जोड्या लावायच्या, एकमेकांशी बोला म्हणायच्या, आणि दर वेळी एक माणूस उरायचा. तो कोण, हे सांगायला हवं का? "काका, तुम्ही माझ्याशी बोला हं," असं म्हणून बाई जवळ यायच्या, तेवढ्यात मागून कुणीतरी हाक मारायचं आणि बाई तिकडे जायच्या. मग ओळंबा घरी येऊन भिंतीशी बोलायचा. तुम्ही कसे आहात, आज दिवस कसा गेला, थकलात का, सगळं पोर्तुगीजमध्ये. भिंत बिचारी काय सांगणार? पण खरं सांगायचं तर हे प्रश्न त्याला स्वतःच्या भाषेतही कुणी विचारून वर्षं लोटली होती. त्यामुळे ते म्हणायलासुद्धा बरं वाटायचं.

परीक्षा वर्गाच्या कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर झाली. पडद्यावर कंपनीची एक बाई आली, चांगली हसरी. तिनं विचारलं, "तुम्ही काय काम करता?"

ओळंबा नीट बसला आणि म्हणाला, "तुम्ही काय काम करता?" आणि थांबला.

बाईला वाटलं, ऐकू आलं नसेल. तिनं दुसरा प्रश्न विचारला. "तुम्ही घरी एकटे राहता का?"

"तुम्ही घरी एकटे राहता का?" ओळंबा खणखणीत म्हणाला, आणि तिच्या "हो"ची वाट बघत बसला. आता याला काय म्हणावं? उत्तरं जिभेवर तयार होती. पण आयुष्यभर ज्यानं पलीकडून होकार आल्याशिवाय हात हलवला नाही, तो जीभ कशी हलवेल? चार प्रश्नांनंतर बाईनं हसत हात जोडल्यासारखं केलं आणि पडदा काळा झाला.

"पोपट आहात का काका?" वर्गातल्या बाई कळवळून म्हणाल्या. "प्रश्न आला की सरळ उत्तर. परत म्हणायचं नाही. महिन्याभरानं अजून एक संधी देतायत, ती घालवू नका."

मग ओळंबा हात धुऊन त्या सवयीच्या मागे लागला. ऐकलं की लगेच उत्तर. दुकानात, जिन्यात, मुलाच्या फोनवर, सगळीकडे. आणि सवय सुटली. नको तिथेसुद्धा सुटली. कामावरचा नवा जोडीदार चाळिशीचा, घुमा माणूस होता. तो टपावरून "खाली" म्हणाला आणि ओळंब्यानं, परत न म्हणता, सरळ ब्रेक सोडून चाक फिरवलं. त्या माणसाचा एक हात अजून भिंतीकडच्या लोखंडी पट्टीवर होता. हात वाचला, बाही कोपरापर्यंत फाटली. वर आल्यावर त्यानं फाटकी बाही ओळंब्याला दाखवली, हत्यारं गोळा केली आणि साहेबाकडे जाऊन दुसरा जोडीदार मागून घेतला.

त्यानंतर ओळंब्यासोबत काम करायला कुणी राजी होईना. साहेबानं त्याला सुट्या भागांच्या गोदामात बसवलं. दिवसभर लोखंड आणि तो. ओळंब्याला फार लाज वाटली, आणि भोंग्याची इतकी आठवण आली की एकदा गोदामात कुणी नसताना तो रडलासुद्धा. आता इथे राहून करायचं काय?

दुसऱ्या परीक्षेला पडद्यावर तीच बाई होती.

"घरी एकटे राहता?"

"हो."

"इकडे कुणी ओळखीचं आहे?"

"एक मित्र आहे."

"आल्यावर त्याच्यासोबत काय करणार?"

ओळंब्यानं जरा विचार केला. "काम करू. बोलू. तो जास्त बोलेल."

बाई हसली. पास झाल्याचं तिनं तिथल्या तिथे सांगितलं. ओळंब्यानं घरीसुद्धा न जाता शाळेच्या पायऱ्यांवरूनच भोंग्याला फोन लावला. भोंग्यानं आधी आरडाओरडा केला, मग एकदम गप्प झाला. भोंगा आणि गप्प! 

"एक सांगायचं राहिलं," भोंगा म्हणाला. "इथे जोडी नसते रे. एका माणसाला एक गाडी आणि एक कॉम्प्युटर देतात. लिफ्टमध्ये काय बिघडलंय ते कॉम्प्युटरच सांगतो. तुला बहुतेक दुसऱ्या शहरात टाकतील. रेल्वेनं तीन तास."

"मग बोलावलंस कशाला?"



"इथे मी दिवस दिवस तोंड उघडत नाही," भोंगा म्हणाला. आवाज इतका खाली गेला होता की ओळंब्याला फोन कानाशी दाबून धरावा लागला. "आधी सांगितलं असतं तर तू शिकला नसतास. रागावलास?"

ओळंबा रागावला होता. चांगलाच. मागे वर्गाचं दार लागलं, नर्सिंगची पोरं हसत खिदळत त्याच्या दोन्ही बाजूंनी पायऱ्या उतरून गेली.

"सुट्टी कधी असते तिकडे?" त्यानं विचारलं.

"रविवारी."

"बरं," ओळंबा म्हणाला. "मग रविवारपुरता येतो."