नत्थुजीच्या मोटारीचा पोळा

पडदा उघडण्याआधी स्थळ-काळ सांगून टाकावा, ही माझी जुनी सवय. स्थळ अमरावती, काळ दुसऱ्या लढाईचा. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता आणि सरकार नागपुरात बसत होतं. पेट्रोल कुपनावर मिळे आणि बोलपटांनी आमची नाटक कंपनी पुरती गिळली होती. मंडळी आपापल्या गावी पांगली. मला गाव असं उरलं नव्हतं, म्हणून सामान सांभाळायला मी मागे राहिलो. अंबागेटच्या आत दोन खोल्या होत्या. एकीत मी आणि दुसरीत राजवाडा, जंगल, कैदखाना असे गुंडाळून ठेवलेले पडदे.

ते पडदे अकोल्याहून अमरावतीला आणले नत्थुजीनं. तेव्हापासूनची आमची ओळख.

नत्थुजी माळी. तिवस्याच्या रस्त्यावर त्याचं खेडं. वांगी, मिरच्या, सांभार म्हणजे कोथिंबीर आणि दसरा-दिवाळीला झेंडू. बाप तेच करायचा, आजाही तेच. फरक एवढाच की बाप-आजा बैलगाडीनं माल न्यायचे आणि नत्थुजीकडे मोटार होती. एका ठेकेदारानं मोडीत काढलेली ती अमेरिकन गाडी पुढून मोटारीसारखी आणि मागून उघड्या डाल्याची होती. तेव्हाही ती म्हातारीच होती. पण पहाटे तोडलेला झेंडू ती दिवस डोक्यावर यायच्या आत अकोल्याला पोचवायची. नत्थुजीला ती इतकी भावली, की त्यानं परतवाड्याच्या बाजारात आपली बैलजोडी विकली आणि ती घेतली.

गाडी हाकण्याची त्याची तऱ्हा मी कोणात पाहिली नाही. चढ आला की जीभ टाळूला लावून टकटक करायचा. वळणावर "हाऽ राजा, हाऽ" म्हणायचा. थांबताना ब्रेक तर दाबायचाच, पण बरोबर "थोऽ थो" म्हटल्याशिवाय त्याचा पाय विश्वासानं दबत नसे. मी एकदा हसलो.

"हासता काहून मास्तर?" तो म्हणाला. नाटकवाला म्हणून सगळे मला मास्तर म्हणत. "बैलासंग जलम गेला. मुक्यानं हाकनं मले जमतच नाई."

मुक्यानं राहणं मात्र त्याला भाग होतं. बायको, जयवंता, दोन पावसाळ्यांमागे तापानं गेली. मूलबाळ नव्हतं. घरी बोलायला कोणी नाही आणि गावात बोलायला जावं, तर लोक मोटारीवरून टोमणे मारत. ते टोमणे तो गिळायचा. गिळता येत नव्हती ती एकच गोष्ट, पोळा.

वऱ्हाडात श्रावण अमावास्येला पोळा भरतो. गावाच्या तोंडाशी दोन खांब रोवून आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात आणि त्याखाली साऱ्या गावच्या बैलजोड्या ओळीनं उभ्या राहतात. ओळीत कोण कुठे, हे पिढ्यांनी ठरलेलं असतं. पहिली जोडी पाटलांची. नत्थुजीच्या घरची तिसरी. माळ्याच्या घराला तिसरा मान का, ते त्यालाही नक्की माहीत नव्हतं, पण आज्यापासून ती जागा त्यांची होती. बैल विकताना त्याला झेंडू दिसला, अकोला दिसलं, मोटार दिसली. पोळा दिसला नाही. तो आठवला पहिल्या अमावास्येला, तिसऱ्या जागेवर सूर्यभान नावाच्या शेजाऱ्याची जोडी उभी राहिली तेव्हा.

"मी कुडाच्या आडून पाह्यलं," तो मला सांगायचा. "बाप असता तं मले जोड्यानं हानलं असतं."

पुढच्या वर्षी त्यानं ठरवलं की मोटारच पोळ्यात उभी करायची. आपल्या जागेवर. वर्षभर तिनंच तर ओझी वाहिली.

आणि त्या वर्षीच्या पोळ्याच्या दिवशी, सकाळी, तो माझ्या दारात उभा राहिला. पावसानं निथळत होता. पापण्यांवर, मिशांत चिखलाचे थेंब. मागे गाडी उभी, पण तिचा चेहरा काही वेगळाच वाटत होता. पाहिलं, तर पुढची काच नव्हती. रिकाम्या चौकटीतून पाऊस सरळ आत बसला होता.

"कोणी दगड मारला?" मी विचारलं.

"कोनी नाई जी. म्याच फोडली."

मग हळूहळू कळलं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. गरम हळदीच्या पाण्यात पळसाची पानं बुडवून, लोणी लावून, जोखडानं घट्टे पडलेली जागा हळूहळू शेकायची आणि उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. हे काम जयवंता करायची. आता नत्थुजीनं स्वतः पाणी तापवलं, पानं आणली आणि गाडीपुढे उभा राहून विचारात पडला की हिचा खांदा कोणता?

"डोकं म्हनजे इंजन," तो मला समजावून सांगू लागला. "पाठ म्हनजे डाला. तं मंग डोकं आन पाठ जथी जुळते, तथीच खांदा. बराबर हाय का नाई?"

हिशेब बरोबर होता. फक्त त्या दोन खांद्यांच्या मधे काच होती. दिवसभर पावसात गार पडलेल्या काचेवर कढत पाणी ओघळलं आणि टक् करून या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा गेला. घाबरून त्यानं हात लावला, तर अर्धी काच त्याच्या पायाशी आली.

"आज पोळा हाय, मास्तर. फुटक्या तोंडानं कसं नेऊ तिले? तुमच्या वळखीचा कोनी काचवाला असन तं सांगा."

ओळखीचा होता. पुंजाराम आमच्याच गल्लीत तसबिरी मढवायचा. कंपनीच्या पडद्यांना त्यानं कितीदा चौकटी ठोकून दिल्या होत्या. तो सणाचं दुकान बंद करायच्या बेतात होता. आम्हाला पाहून त्यानं कपाळावर हात मारला.

"मोटारची काच? लढाई लागल्यापासून देवाच्या तसबिरीले काच भेटून नाई राहिली, बावा! मारोतीले मी उघडा मढवून देऊन राहिलो!"

"पातळ नाई चालत काय?" नत्थुजीनं विचारलं.

"पहिल्या खड्ड्यात मांडीवर येऊन बसन तुह्या. जाड पायजे. बेल्जमची. आता ते कोनाच्या घरी आरशात असन तं असन."

आरसा माझ्याकडे होता. पुरुषभर उंचीचा, कंपनीच्या भरभराटीच्या काळात मी हौसेनं घेतलेला. त्याच्यासमोर नऊवारी नेसून मी राण्या केल्या, दासी केल्या, एका मोसमात तर नुसत्या विधवाच केल्या. अलीकडे मी त्याच्यावर चादर टाकून ठेवली होती. दाढीपुरता हातातला आरसा पुरे होतो माणसाला. मी दोघांना खोलीवर नेलं आणि चादर ओढली.

नत्थुजी दोन पावलं मागे सरला. अख्खा नत्थुजी त्यानं बहुधा प्रथमच पाहिला.

"हे नाई घेनार मी."

"घे. राजवाड्यात असून त्याला तरी कुठे करमतंय? चार गावं पाहील."

"पोळ्याले तुमीबी चला मंग," तो एकदम म्हणाला. "अथी एकटे बसून काय करता? तथी मी एकटाच हाओ."

मी चटकन हो म्हणालो. सणाचा दिवस एकट्याला फार लांब असतो.

पुंजाराम मग दुकान बंद करायचं विसरला. आरसा दुकानात नेऊन, पालथा घालून त्यानं मागचा लाल रंग सोड्याच्या कढत पाण्यानं मऊ केला आणि पातीनं खरवडला. या वेळी पाणी आधी कोमट, मग कढत, असं बेतानं ओतलं आणि नत्थुजीकडे पाहत म्हणाला, "पाहून घे. असं शेकतेत काचेले." खालचा पारा सोनाराकडच्या तेजाबानं उतरवला. धुरानं डोळे चुरचुरत होते. पारा उतरत गेला तसा त्यातला दुकानाचा आढा पुसट होत गेला आणि त्याच्या जागी खालची फरशी दिसू लागली. एका कोपऱ्यात चार बोटं जागा राहिली, तोवर तेजाब संपलं.

"राहू दे," नत्थुजी म्हणाला. "तेवढीच सोबत."

मग काच कापायची हिरकणी फिरली. करकर आवाज आला, पुंजारामनं दोन्ही बाजूंनी अलगद दाबलं आणि काच सुतासारखी सरळ तुटली. इकडे नत्थुजीनं गाडीची चौकट सोडवून तिच्या खाचेतले जुने तुकडे चिमट्यानं उपसले होते. जुनं रबर लाकडासारखं कडक झालेलं. त्याऐवजी सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून काचेच्या कडांना गुंडाळली, साबणाचं पाणी लावलं आणि आम्ही तिघांनी मिळून काच खाचेत सरकवली. स्क्रू पिळले. पुंजारामनं पैशाला हात लावला नाही. "सनाचा दिवस हाय," म्हणाला आणि घरी पळाला.

गावी निघालो. पाऊस समोर काचेवर आपटत होता आणि आत आम्ही कोरडे. कोपऱ्यातल्या पाऱ्यात नत्थुजीला आपला कान आणि पटक्याची कड दिसे. मधूनमधून तिकडे बघून तो काहीतरी पुटपुटे. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

पोचलो तर पोळा भरत आला होता. डफडी वाजत होती, झडत्या, म्हणजे पोळ्याची चिमटे काढणारी कवनं, म्हणायला गळे मोकळे होत होते. बैलांच्या शिंगांना बेगड, पाठीवर झुली. नत्थुजीनं बैलांची जुनी झूल पेटीतून काढून इंजनावर घातली, दिव्यांना झेंडूच्या माळा बांधल्या आणि गाडी हळूहळू ओळीकडे नेली.

"अबे, नत्थूचा बैल आला रे!" कोणीतरी ओरडलं.

"काहो नत्थुजी, शेपूट कोठी हाय याले?"

"वैरन टाका, वैरन! नाई तं शिंगावर घेईन!"

नत्थुजीही हसत होता. तो तिसऱ्या जागेपर्यंत आला आणि इंजनानं एक मोठी धाप टाकली. सूर्यभानची जोडी बुजली. एका बैलानं मान झटकून कासरा ओढला आणि सूर्यभान चिखलात गुडघ्यांवर फरफटला. मागच्या जोड्याही फुरफुरू लागल्या.

पाटील, खुशालराव, पुढून आले. भला माणूस. आवाज न चढवता म्हणाले, "नत्थू, मोटार बंद कर."

त्यानं बंद केली. "पाटील, जागा आमची हाय."

"होती. जागा बैलाची असते, बाप्पा. उद्या मी घोडं आनून उभं केलं तं चालन काय?"

"वर्षभर हेच राबून राहिलं न जी माह्यासाठी."

खुशालरावांनी ओळीच्या टोकाकडे बोट केलं. "मी तुले नाई म्हनत नाई. सगळ्यांच्या मांगून ये. पन इंजन सुरू कराचं नाई. ढकलत आन."

आम्ही गाडी ओढत ओळीच्या शेवटी नेली. झडत्या झाल्या, पाटलांची जोडी तोरणाखालून गेली आणि ओळ हलली. नत्थुजीनं डाल्याला खांदा लावला, मी दुसऱ्या बाजूनं लावला. काळ्या मातीचा चिखल, चाकं रुतलेली. पुढचा कोणी मदतीला आला नाही. त्यात दुष्टावा नव्हता. ज्याच्या त्याच्या हातात आपापल्या बैलांचा कासरा होता. रिकामे हात आम्हा दोघांचेच.

पाटलांची जोडी गेली की तोरण तोडायची तिथली रीत. मग सगळे मारोतीकडे धावतात. आम्ही खांबांपाशी पोचलो तेव्हा डफडी लांब मारोतीजवळ वाजत होती आणि आंब्याची पानं चिखलात तुडवली गेली होती. दोन उघडे खांब तेवढे उभे. नत्थुजीनं गाडी बरोबर त्यांच्या मधून नेली. पलीकडे जाऊन "थोऽ" म्हणाला. मग लांबूनच मारोतीला हात जोडले.

इतर जोड्या दारोदार ओवाळून घेत हिंडत होत्या. आम्ही थेट त्याच्या घरी आलो.

पुरण त्यानं आदल्या दिवशीच, काच फुटल्यावर, शिजवून ठेवलं होतं. आता दोन जाडजूड पोळ्या लाटल्या. ताट घेऊन अंगणात गेला, गाडीसमोर उभा राहिला आणि हातात पोळी धरून तसाच राहिला. मी ओट्यावर बसलो होतो. बराच वेळ त्याची पाठच दिसत होती.

"नत्थुजी, जेवून घे. सकाळपासून उपाशी आहेस."

"बैलानं तोंड लावल्याबिगर घरच्यानं खाचं नसते," तो न वळता म्हणाला. मग वळला. "मास्तर, तुमी खा. गाडी तं तुमीबी ढकलली."

तो आला आणि पोळी माझ्या तोंडापुढे धरली. रंगभूमीवर मी नाना प्रकारचे घास घेतले, लटके सगळे. हा घास मी मान पुढे करून घेतला. पुरण किंचित आंबलं होतं. मी चावून गिळेपर्यंत तो माझ्या तोंडाकडे नीट पाहत राहिला, मग शेजारी बसला आणि आपली पोळी मोडली.

"जागा गेली," जेवता जेवता तो म्हणाला.

मी त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला.

"पाटील खोटं नाई बोलले. बैल नाई तं जागा नाई. पुढच्या पोळ्याले मी अकोल्याचं भाडं घेईन. गावात राहाचंच नाई त्या दिवशी."

"आणि जेवण?"

"तथी खानावळीत बसाचं. कोनाच्या आधी, कोनाच्या मांगून, काई पाहा लागत नाई."

पुढच्या श्रावण अमावास्येला सकाळी माझ्या दारात हॉर्न वाजला. डाल्यात वांग्यांची पोती होती आणि पुढे, त्याच्या शेजारच्या जागेवर, माझ्यासाठी घोंगडं अंथरलेलं. मी चपला घातल्या आणि चढलो.