आजीला जेवायला लावणारी मराठी

पाहुणी यायच्या आधीच मी तिच्याविरुद्ध पत्रक काढलं होतं.

आमचं गाव मेढ्याच्या वर, घाटात. जिल्हा परिषदेची शाळा आहे, शिक्षकांच्या जागा दोन, त्यातली एक कैक दिवस रिकामी. ती भरा म्हणून अर्ज झाले, निवेदनं झाली, पंचायत समितीच्या दारात आम्ही सतरंजी टाकून बसलो. जागा भरली नाही. त्याऐवजी हेडमास्तरांना कुठल्याशा संस्थेचा फोन आला, की परदेशातली एक मुलगी तीन महिने फुकट इंग्रजी शिकवायला येतेय, तिची राहायची सोय करा. माझं डोकं फिरलं. साताऱ्याला जाऊन पत्रक छापून आणलं. मथळा होता, ‘पोरांना हक्काचा शिक्षक हवा, हौशी पाहुणा नको’. स्टँडवर उभी राहून मी स्वतः वाटलं. मथळा मला आजही बरोबर वाटतो.

घोळ एवढाच झाला की पाहुणीला राहायला गावात खोली मिळेना आणि आईनं परस्पर हेडमास्तरांना सांगून टाकलं, “आमच्यात ऱ्हाऊ द्या. पोरगा मिलिटरीत भरती झाल्यापासनं मागली खोली मोकळीच हाय.”

“आये, मी तिच्याविरुद्ध पत्रक वाटलंय.”

“मग तिला बी दे एक. वाचंल.”

दिलं. ती एसटीतून उतरली, पाठीवर एवढी मोठी पिशवी, आणि मी हातात पत्रक ठेवलं. तिला मराठी वाचता येईना. म्हणाली, तूच वाच आणि इंग्रजीत सांग. रस्त्यात उभं राहून मी तिला तिच्याविरुद्धचं पत्रक समजावून सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. “बरोबर आहे,” म्हणाली. “शिक्षक यायला हवा. तो येईपर्यंत मी असते.” अशा माणसाशी भांडायचं कुठून.

ती माझ्याच वयाची, सावळी, केसांची वेणी. आईनं एका नजरेत निकाल दिला, “आपल्यातलीच दिसती.” पण ती इस्रायलची, धर्मानं ज्यू. पहिल्याच चहाला मी तिच्या सरकारवर घसरले. तिनं कप खाली ठेवला. “तुझं सरकार जे करतं त्याचं उत्तर तू देतेस?”

“देते. पत्रकं काढते, मोर्चाला जाते.”

“मीही तेच करते. तुमच्याकडे पोलिसांची लाठी बांबूची असते ना? आमच्याकडे पाण्याचा फवारा मारतात.”

मग दिवे लागेपर्यंत आम्ही दोघींनी आपापल्या पोलिसांची तुलना केली. दोस्ती तिथं झाली.

ती खरी कशासाठी आली होती ते दोन दिवसांनी कळलं. तिची आजी मिरजेची. मला पत्ताच नव्हता. ज्यू म्हटल्यावर मला लांब दाढीवाले गोरे डोळ्यांसमोर यायचे. तिनं सांगितलं, आमची माणसं शेकडो वर्षं कोकणात होती, तेलाचे घाणे चालवायची, शनिवारी घाणा बंद ठेवायची म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. पुढं कुणी पलटणीत गेलं, कुणी रेल्वेत. आजीचे वडील रेल्वेत, मिरजेच्या क्वार्टर्समध्ये राहायचे. आजी तिथंच वाढली, लग्न झालं आणि नवऱ्याबरोबर इस्रायलला गेली. तिथं तिच्या मराठीला लोक हसायचे. म्हणून तिनं आपल्या पोरांना मराठी शिकवलीच नाही. दवाखान्यात आया म्हणून चाळीसेक वर्षं हिब्रूत राबली.

आणि आता तिला विसरायचा आजार झाला होता. आधी नावं गेली, मग रस्ते, मग हिब्रू गेली. उरली ती मराठी. वृद्धाश्रमात तिची भाषा कळणारं एक माणूस नाही. ती बोलते, कुणी उत्तर देत नाही, मग ती भिंतीकडं तोंड करते आणि जेवत नाही. अंगावर मांस राहिलं नव्हतं. डॉक्टर नळी घालायचं बोलत होते. पाहुणीनं मोबाइलवर मराठी शिकायचा प्रयत्न केला होता, तिला ‘हे सफरचंद आहे’ एवढं येत होतं.

“पोरांचं इंग्रजी तू बघ,” मी म्हणाले, “तुझी मराठी माझ्याकडं लागली.”

आता मी शिकवणार कशावरून? घरात पुस्तक म्हणावं असं काही नव्हतं, पण पत्रकांचे गठ्ठे होते. ठळक टाइप, छोटी वाक्यं, तेच तेच शब्द परत परत. शिकायला याहून चांगलं काय असतं, असं मला खरंच वाटलं. पोरगी हुशार. पंधरा दिवसांत घडाघडा वाचायला लागली. ‘आमच्या मागण्या मान्य झाल्याच पाहिजेत.’ ‘प्रशासनाच्या ढिसाळ कारभाराचा आम्ही जाहीर निषेध करतो.’ उच्चार तर असे की आमच्या तालुक्यातल्या निम्म्या कार्यकर्त्यांनी लाजावं.

चुलीपुढनं आई म्हणायची, “ही बाजाराला गेली म्हंजी काय म्हणंल? मेथी मिळालीच पायजे?”

आईचं आणि तिचं वेगळंच चालायचं. पाहुणी म्हणाली, आम्ही मटण आणि दूध एका जेवणात घेत नाही. आई म्हणाली, “आमच्यात तरी कुठं घेत्यात? मटणावर दूध प्यालं की अंगावर डाग उठत्यात.” त्यांचं म्हणजे धर्माचं आणि आमचं म्हणजे अडाणीपणाचं. आधी कुणाला विरोध करावा हे मला ठरवता येईना, तोवर दोघी जेवून उठल्यासुद्धा.

भांडण झालं ते शनिवारावरून. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आधी ती खिडकीत दोन मेणबत्त्या लावायची, डोळ्यांवर हात धरून पुटपुटायची, आणि तिथून शनिवारची चांदणी दिसेपर्यंत काही करायची नाही. लिहायचं नाही, फोन नाही, विस्तव नाही, दिव्याचं बटणसुद्धा नाही. शनिवारी आमची शाळा सकाळची असते. ती जायची, पण खडूला हात लावायची नाही. पोरांना घेऊन ओढ्यापर्यंत चालायची आणि दिसेल त्याचं इंग्रजी बोलायला लावायची. पोरं खूश. हेडमास्तर म्हणाले, “असा धर्म मला बी चालंल.”

इथवर माझी हरकत नव्हती. पण एका शनिवारी पाऊस होता, मागली खोली दुपारीच काळोखली, आणि ही आत तशीच बसलेली. आई सूप घेऊन तिच्या दारात गेली, “मला बाई अंधारात निवडाय दिसत न्हाई,” असं भिंतीला सांगितलं, दिवा लावला आणि सूप घेऊन परत आली. निवडलं काहीच नाही.

मी तिथंच सुरू झाले. “तुझ्या देवाला तू बटण दाबलेलं चालत नाही आणि माझ्या आईनं दाबलेलं चालतं? म्हणजे काम बाईनंच करायचं, फक्त दुसऱ्याच्या?”

पाहुणी लाल झाली. “मी सांगितलं नव्हतं. सांगायचंही नसतं.”

“न सांगता करून घ्यायचं, हे तर त्याहून वाईट.”

“ए मोर्चा,” आई म्हणाली, “बटण माझं, बिल माझं. तू तुझं बघ.”

त्याच आठवड्यात पाहुणीच्या मामाचा निरोप आला. आजीनं दोन दिवस पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. शुक्रवारी दुपारी, म्हणजे आपल्याकडं संध्याकाळी पाचला, तो फोन घेऊन तिच्यासमोर बसणार होता. पाहुणीनं माझ्याकडून वाक्यं तयार करून घेतली. मी मन लावून लिहून दिली, तिनं पाठ केली. मला कौतुक वाटत होतं, माझंच.

फोन लागला. पडद्यावर एक एवढंसं तोंड, पांढरे केस, पुढ्यात ताट. पाहुणीनं घसा साफ केला आणि म्हणाली, “आजी, आम्ही तुमच्या पाठीशी ठामपणे उभे आहोत.”

म्हातारीनं बघितलं.

“आजी, तुम्ही अन्नत्याग मागे घ्यावा, अशी आमची कळकळीची विनंती आहे.”

म्हातारीनं तोंड भिंतीकडं केलं.

पाहुणीनं पुढचं वाक्य म्हटलं, त्याच्या पुढचं म्हटलं, आणि मग तिचा आवाज फुटला. मी शेजारी बसले होते, हातात कागद. ते वाक्य मी तहसीलदारांच्या दारातल्या उपोषणासाठी लिहिलेलं होतं, थोडं बदलून दिलं होतं. भुकेल्या म्हातारीशी बोलायला माझ्याकडं दुसरी मराठीच नव्हती. असं नाही, होती, मी घरात रोज बोलते तीच. पण ती शिकवायची असते हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

आई पिठाचे हात घेऊनच आली. “काय झालं? आजी हायत व्हय?” आणि आमच्या मधून वाकून फोनमध्ये म्हणाली, “आवं, जेवलासा का न्हाई?”

तोंड वळलं. “तू कोण?”

“मी हितलीच. ताट गार झालं की तुमचं.”

आजीनं आईकडं, तिच्या पिठाच्या हातांकडं लय वेळ बघितलं. “चूल पेटवाय आलीस?”

मला काही कळलं नाही. पाहुणीनं मात्र माझा दंड धरला. आई म्हणाली, “व्हय. आले की.”

“आज शनवार न्हाई. उद्या ये.”

“उद्या येते. आज जेवून घ्या. उपाशी राहिलासा तर मी न्हाई यायची.”

“कसली भाजी हाय बघ की.”

आजीनं ताटाकडं बोट केलं, तसा मामानं फोन ताटाजवळ नेला. “भोपळा दिसतोय,” आई म्हणाली.

“मला न्हाई आवडत.”

“कुणाला आवडतोय. खायाचा.”

आणि तिनं चमचा उचलला. पहिला घास, दुसरा. मामाला एक अक्षर कळत नव्हतं, पण तो एका हातानं डोळे पुसायला लागला आणि पडदा वरखाली व्हायला लागला. “नीट धर रं,” आईनं त्याला दम दिला.

नंतर पाहुणीनं सांगितलं. मिरजेच्या क्वार्टर्समध्ये शेजारची एक बाई दर शनिवारी सकाळी येऊन यांची चूल पेटवून द्यायची. आजी ही गोष्ट हिब्रूत सांगायची, त्या बाईच्या हाताला नेहमी पीठ असायचं, हेसुद्धा. सगळं गेलं आणि ती बाई राहिली. माझा मुद्दा मी सोडलेला नाही. दुसऱ्याच्या बाईनं काम करायचं, हा प्रश्न आहेच. पण त्या संध्याकाळी मी तो काढला नाही.

पुढच्या रविवारी आम्ही दोघी कराडवरून एसटीनं मिरजेला गेलो. क्वार्टर्स पाडून नवी इमारत झाली होती. त्या बाईचं आडनावसुद्धा आजीनं कधी सांगितलं नव्हतं. एका पानवाल्या बाबांना विचारलं तर म्हणाले, “असत्याल बया. टेशन हाय, लय लोक आली नि गेली.” मला राग आला. एवढी माणसं इथं राहिली, एक पाटी नाही, एक ओळ नाही. पाहुणी म्हणाली, “पाटी लावली असती तर त्या बाईचं नाव थोडंच असतं त्यावर?” आणि बाबांकडून बडीशेप घेऊन खात बसली.

माझी शिकवणी तिथंच संपली. मला कुणी काढलं नाही, पाहुणीच वही मिटून चुलीपुढं जाऊन बसायला लागली. वही नाहीच लागत तिथं. उरलेला दीड महिना ती भाकरी थापायला शिकली, जी अखेरपर्यंत तिला गोल आली नाही, आणि बोलायला शिकली. दर शुक्रवारी आई फोनवर आजीला जेवू घालायची आणि ही बघायची. आई म्हणाली, “मी काय जन्मभर पुरणार न्हाई. तू शीक.” मग तालीम. आई जोत्यावर बसून आजी व्हायची. तोंड फिरवायची, ताट ढकलायची, “मला भूक न्हाई, जा.” पाहुणीनं तिला चारायचं. सुरुवातीला पाहुणी ‘कृपया’ म्हणायची. आई आजीपण सोडून ताडकन परत आई व्हायची. “किरपया म्हणल्यावर कोण जेवतंय? रागं भर. जरा लाडानं, जरा रागानं.” मी हसत बसायचे. मग एकदा बघितलं, पाहुणीचे डोळे भरले होते आणि तरी ती घास पुढं करून म्हणत होती, “आवं घ्या की, माझा हात दुखाय लागला.” आईनं निमूट घास घेतला.

जाताना तिनं आमच्या निवेदनावर सही केली, शिक्षकाची जागा त्वरित भरावी म्हणून. हिब्रूत केली. जागा अजून भरलेली नाही, हे इथं लिहून ठेवते.

ती गेल्यावरच्या दुसऱ्या शुक्रवारी पाचला फोन आला. या वेळी मोबाइल कुठंतरी टेकवून ठेवला होता, पाहुणी आजीच्या शेजारी पलंगावर, मांडीवर ताट. आई बोलायला पुढं झाली, पाहुणीनं बोट वर करून थांबवलं. आई गप्प बसली. मी तिला असं गप्प बसलेलं पहिल्यांदा बघितलं.

“जेवायचं न्हाई व्हय?” पाहुणी म्हणाली.

“न्हाई.”

“का? मी एवढ्या लांबनं आले, माझ्या हातचं बी न्हाई?”

आजीनं तिच्याकडं बघितलं. “तू कुणाची गं?”

पाहुणीला हे कुणी शिकवलं नव्हतं. आईनं माझा हात धरला. पाहुणीनं ताटातला घास उचलला. “तुमचीच की,” म्हणाली आणि घास पुढं केला.

आजीनं तोंड उघडलं. सावकाश चावलं, गिळलं. “मीठ कमी हाय,” म्हणाली.

“बघ,” आई माझ्या कानाशी कुजबुजली, “मिठाचं सांगायचंच राहिलं तिला.” आणि मग फोनमधून वरच्या पट्टीत आजीला म्हणाली, “घ्या आता गप, पुढच्या येळंला जास्त घालंल.”

आजीनं दुसऱ्या घासाला तोंड उघडलं.