जिन्याजवळचा वाफा

नाशकात इंदिरानगरच्या बाजूला धडाधड इमारती उठत होत्या त्या काळात, म्हणजे नव्वदीच्या मध्यावर, देवराम मुकादमाचं नाव काढलं की भलेभले ठेकेदार सरळ व्हायचे. फरशीवाला असो की गिलाव्यावाला, इमारती बांधणारे शेठ पुढचं काम कोणाला देणार हे देवरामच्या शब्दावर ठरायचं. हातातल्या काठीने तो फरशी ठोकत जायचा, पोकळ वाजली की उखडायला लावायचा. उत्तम कामालाही त्याच्या तोंडून ‘चालेल’ यापलीकडे शब्द निघत नसे. “लोकांच्या कामाला नावं ठेवायचा पगार मिळतो यांना,” असं त्याची बायको मंगलाबाई शेजारणींना सांगायची, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

हा असला माणूस जन्मात एकदाच कोणासाठी जामीन राहिला. जुन्या नाशकातला अन्सार गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची कामं नुकतीच स्वतःच्या नावावर घ्यायला लागला होता. शेठ नवख्याला काम द्यायला तयार नव्हते. देवरामने त्याच्या हातचं काम पाहिलं होतं. तो बोलून गेला, “गच्ची गळली तर त्याच्याबरोबर मलाही काढा.”

गच्चीवर पाणी अडवणारा कोबा घालून झाला. रीतीप्रमाणे वर मातीचे बांध घालून वाफे केले, गळती कळावी म्हणून त्यांत पाणी भरलं, आणि देवरामने पाण्याच्या पातळीला कठड्यावर कोळशाने रेघा ओढल्या. बाकीच्या वाफ्यांत उन्हाने आटावं तेवढंच पाणी आटलं. जिन्याजवळच्या वाफ्यात मात्र ते रोज सकाळी दोन-दोन बोटं खाली गेलेलं. खालचं छत कोरडं ठणठणीत! मग पाणी जातंय कुठं? भिंतीत मुरतंय, असंच देवरामने धरलं. त्याला जेवण गोड लागेना. आपल्या जिभेला नको तिथे हाड नव्हतं, असं स्वतःलाच सुनावत तो कूस बदलत राहिला.

“उद्या फोडायचा कोबा,” त्याने अन्सारला सांगितलं.

“देवरामभाऊ, फोडा. पण माझं काम गळायचं नाही,” अन्सार म्हणाला. भीती मात्र त्यालाही होतीच. इथून हाकलला गेला की नाशकात दुसरा कोण दारात उभं करणार होता त्याला?

सकाळी माणसं यायच्या आत दोघं जिना चढले. देवरामच्या हातात छिन्नी-हातोडा होता. वर पाहतात तो, साइटवरच राहणारी मजूर चिमणाबाई वाफ्यात बादली बुडवून टाकीखालच्या नव्या गिलाव्यावर सपासप पाणी मारतेय.

“अगं बाई, हे काय चालवलंयस?” देवराम ओरडला.

“काय म्हंजे? तुमीच म्हनले ना, भित सुकी दिसली तर घरी पाठवीन? टँकर चार दिस आला नाय. मंग काय थुकू का भितीवर?” पेठ तालुक्याकडची ती बाई, मुकादमाला भ्यायली असली तरी दबणारी नव्हती.

देवराम मटकन कठड्यावर बसला. आधी त्याला हसू फुटलं, मग डोळ्यांत पाणी आलं, आणि दोन्ही थांबेनात. छातीवरचा धोंडा कोणी उचलून बाजूला ठेवावा तसं त्याला वाटलं. अन्सारही हसत सुटला. चिमणाबाई मात्र, या बाप्यांना झालंय काय, म्हणत पुढची बादली भरू लागली.

“घाल बाई, हवं तेवढं घाल,” देवराम म्हणाला. अन्सारची पाठ थोपटून, त्याने आयुष्यात कोणासाठी न काढलेला शब्द काढला, “झकास.”

पुढे अन्सारचं नाव झालं. काही वर्षांनी देवरामने सातपूरला स्वतःचं दोन खोल्यांचं घर बांधलं. गच्ची अर्थात अन्सारनेच केली, आणि पाणीही त्यानेच भरलं.

“वर जाऊन बघून तरी या,” मंगलाबाई म्हणाली. “दुसऱ्यांच्या गच्च्यांवर जन्मभर चढलात.”

देवरामने उशी मानेखाली नीट घेतली.

“अन्सारने केलंय,” तो म्हणाला, आणि भरल्या गच्चीखाली गाढ झोपला.