रजा आणि बडे बाबू

आमच्या अकोल्याच्या नगरपालिकेतले बडे बाबू म्हणजे कपाळभर गंध, तोंडभर पान आणि भारी सोवळं. कोणाच्या हातून कागद घेत नसत, टेबलावर ठेवायले लावत. मी पालिकेच्या शाळेत पाणी भरायची. नववा महिना लागला, तशी बाळंतपणाची रजा मागितली.

म्हणाले, "तो कायदा मुंबई सरकारचा, बाई. आपल्या पालिकेत ठराव कुठं झाला? घरी बसलीस तं नोकरी जाईन."

मी तिथंच फतकल मारली. "मंग ठराव होईपर्यंत इथंच बसते. इथंच बाळंत झाले, तं कचेरीले दहा दिवस विटाळ!"

बाबूंनी पान गिळलं अन् रजा मंजूर केली.

"कोणत्या कायद्यानं जी?" मी विचारलं.

"माय, तू आधी जिना उतर!"