मैदानाचा गारवा बघायला

एसीच्या कामात रोज परक्या घरात शिरावं लागतं. कुणाच्या झोपायच्या खोलीत, कुणाच्या दवाखान्यात, कुणाच्या देवघरात. त्यामुळे आमच्याकडे किस्से फार साठतात. मस्कत सोडून आता गावी आलोय, पण चार माणसं ओट्यावर बसली की कुणीतरी म्हणतंच, "तात्या, ते मैदानाचं सांगा." मी चौथी शिकलेला, बोलतोही हळू. पण सांगतो.

*

मस्कतच्या दार्सैत भागात आमचं एसी दुरुस्तीचं दुकान होतं. मी हवा नेणारे पत्र्याचे डक्ट करायचो. प्रकाश हा अलिबागकडचा, तो गाडी चालवायचा आणि मशीन उचलायचा. आणि आमचे उस्ताद म्हणजे हसनमियाँ, रत्नागिरीचे. मी आणि ते बावीस वर्षं एका खोलीत राहिलो.

उस्ताद एसीच्या जाळीसमोर हाताची पालथी बाजू धरायचे आणि आकडा सांगायचे. "चौदा." मग मी पेनासारखा थर्मामीटर धरायचो. चौदाच. एकदा एका गुजराती शेठच्या घरी उस्ताद म्हणाले सोळा, आणि मीटरमध्ये आले सतरा. शेठ हसले. उस्ताद म्हणाले, "दार कुणी उघडलं?" आम्ही मागे वळून पाहिलं, तर शेठच्या बायको चहा घेऊन दारात उभ्या!

*

दार हा त्यांचा जीव होता. कुठल्याही घरात शिरले की पहिला शब्द, "दार लावा, गारवा जातो."

ईदला आमच्या मालकाच्या, म्हणजे अर्बाबच्या, बैठकीतला एसी बिघडला. पाहुणे यायला लागले होते. उस्तादांनी मशीन चालू केलं आणि स्वतःच दारापाशी उभे राहिले. माणूस आत आला की दार बंद. थोड्या वेळाने बाहेरून कुणीतरी दार वाजवायला लागलं. अर्बाब ओरडला, "हसन, मेरा चाचा बाहर है!"

उस्ताद म्हणाले, "चाचा एक है. अंदर बीस आदमी है."

*

असा माणूस. त्याला प्रकाशने एक दिवस मोबाईलवर फोटो दाखवला. दोह्यात फुटबॉलचं भलंमोठं मैदान झालंय, वरून छत, छत सरकतं, आणि छत उघडं ठेवलं तरी आत गार.

उस्तादांनी चष्मा पुसून फोटो बघितला. "थाप आहे."

"उस्ताद, खाली लिहिलंय."

"लिहिणाऱ्याने हात लावलाय का?"

दोन दिवस ते धड जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी डक्टच्या पत्र्यावर खडूने त्यांनी ते मैदान पेल्यासारखं काढलं, वर भोक ठेवलं आणि मला विचारलं, "तात्या, यात गारवा कसा राहील?" मी म्हटलं, मला काय कळतंय. ते म्हणाले, "मलाही कळत नाही. म्हणून जायला पाहिजे."

*

अर्बाब फुटबॉलवेडा. आम्ही दोह्याला मॅचला जातो म्हटल्यावर त्याला वाटलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा ह्या माणसांना अक्कल आली. म्हणाला, मी पण येतो, तिकिटं मी काढतो. आणि उस्तादांना विचारलं, "तुम्हारा टीम कौनसा?"

"जिस तरफ ठंडी का चिलर बडा है, वो."

अर्बाबने कपाळाला हात लावला.

*

मधे एक गोष्ट सांगायला हवी, ती हसायची नाही.

त्याच वर्षी एका दाताच्या दवाखान्यात उस्ताद म्हणाले सोळा. मी मीटर धरला, तर तेवीस. दार बंद होतं. मी पुन्हा धरला, तेवीस. मला वाटलं मीटर गेला. मग एक दिवस आम्ही टपरीवर चहा घेतला. ग्लास इतके गरम की मी आणि प्रकाश सारखे हात बदलत होतो. उस्ताद मात्र ग्लास मुठीत धरून निवांत बोलत होते. मुलीच्या घराबद्दल काहीतरी. त्यांना साखरेचा आजार जुना. बोटांतलं कळणं गेलं होतं.

मला खोटं वाचता येईना. समोर तेवीस दिसत असताना तोंडाने सोळा कसं म्हणायचं? म्हणून मी मीटरमधला बटणाएवढा सेल काढून टाकला. कोऱ्या काचेकडे बघून म्हणायचो, "बरोबर." बारीक आकडे त्यांना चष्म्यानेही नीट दिसत नसत. गिऱ्हाइकाचं नुकसान नको, म्हणून पाना विसरला असं सांगून परत आत जायचो, गॅसचं गेज लावून मशीन ठीक करून यायचो.

"तात्या, तू हल्ली फार विसरतोस," उस्ताद म्हणायचे.

*

तिकिटांचा घोळ मात्र हसण्यासारखा. अर्बाबने प्रकाशला काँप्युटरसमोर बसवलं आणि स्वतः नमाजाला गेला. पडद्यावर सगळ्या खुर्च्या दिसत होत्या. उस्ताद मागे उभे. "हॉल तपासताना मीटर कुठे ठेवतो आपण?"

"चार कोपऱ्यांत," प्रकाश म्हणाला.

"मग?"

अर्बाब परत आला तेव्हा चार तिकिटं झाली होती. मैदानाच्या चार कोपऱ्यांत चार!

"तुम लोग पागल! चार दोस्त, चार कोना?"

"अर्बाब, हवा सगळीकडे सारखी आहे का ते कळायला नको?" प्रकाशने समजावलं. शेवटी अर्बाबने एक बदलून माझी खुर्ची उस्तादांच्या शेजारी आणली, कारण त्यांना पायऱ्या दिसत नसत. स्वतः तो बिचारा कोपऱ्यातच बसला.

*

निघायच्या आदल्या आठवड्यात अर्बाबने उस्तादांसमोर व्हिसाचा कागद ठेवला. पुढची दोन वर्षं. सही करायची होती. उस्तादांनी कागदाची घडी घालून परत दिली. "दोहासे आके बोलता हूँ. वहाँ हाथ सही निकला तो दो साल. गलत निकला तो खलास, घर."

अर्बाब माझ्याकडे बघायला लागला. मी पत्रा कापत होतो. कापतच राहिलो.

त्या रात्री खोलीत मी मीटर उशीखाली ठेवला. सेल घालावा की नको, ठरेना. बावीस वर्षं. समोरची खाट रिकामी कशी बघायची? सेल घातला नाही.

*

विमानतळावर उस्तादांची पिशवी उघडली. त्यात गेज, तीन स्क्रूड्रायव्हर, एक पकड आणि सुकटीची पुडी. सिक्युरिटीवाला म्हणाला, "मॅच देखने जा रहे हो?"

"मॅच ये लोग देखेंगे. मैं मशीन."

हत्यारं काढून घेतली. सुकट जाऊ दिली. मग खिसे. किल्ल्या, जपाची तसबीह, आणि कागदाची एक बारीक घडी. त्याने ती उघडून बघितली आणि परत दिली.

"काय आहे हो ते?" प्रकाशने विचारलं.

"औषध," उस्ताद म्हणाले.

*

दोह्यात बाहेर घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. आत शिरलो आणि मी थांबलोच. गार. अंगावरचा घाम सुकेल असं गार, आणि वर छत उघडं, संध्याकाळचं आभाळ दिसतंय. समोरच्या कोपऱ्यात अर्बाब आपल्या टीमचा झेंडा हलवत होता. प्रकाश तिसऱ्या कोपऱ्यातून हाताने खुणा करत होता, इथे ठीक, इथे ठीक.

उस्ताद कितीतरी वेळ वरच बघत राहिले. "दार उघडंच टाकलंय यांनी," म्हणाले.

मॅच सुरू झाली. सगळे उभे राहिले, तेव्हा उस्ताद वाकले. खुर्चीखाली जाळी होती, तिच्यातून हवा येत होती. त्यांनी उजवा हात पालथा धरला. मग डावा. मग पुन्हा उजवा. मी खिशात मीटर घट्ट धरून ठेवला होता.

"एकोणीस," उस्ताद म्हणाले.

मी मीटर काढला, जाळीपाशी धरला, काचेकडे बघितलं.

"एकोणीस. बरोबर."

 उस्तादांनी वरच्या खिशातून ती कागदाची घडी काढली आणि माझ्या तळहातावर उघडली. आत बटणाएवढा नवा सेल होता.

"घाल," म्हणाले.

 झाकण लागता लागेना, शेवटी लागलं. मीटर जाळीपाशी धरला. आकडे वरखाली झाले आणि थांबले. तेवढ्यात गोल झाला असावा, सगळं मैदान ओरडलं. उस्तादांनी कान माझ्या तोंडाजवळ आणला.

"वाच."

"साडेचोवीस."

उस्तादांनी हात मांडीवर ठेवले. मग मान वर करून त्या उघड्या छताकडे बघितलं.

"तरी मी म्हणतो," ते म्हणाले, "दार लावा."